लो-आयोडीन आहार: दोन याद्या जुळत नाहीत, नक्की काय चालतं?

कोरा चहा (मूळ प्रश्न)

घरातल्या व्यक्तीला थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिओआयोडीनचा (किरणोत्सारी आयोडीनचा) डोस द्यायचा आहे. डोसआधी १४ दिवस लो-आयोडीन आहार सांगितलाय. स्वयंपाक माझ्याकडे. हातात दोन छापील याद्या आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. अडलेले मुद्दे असे:

१. मीठ बंद करायचं की बदलायचं? सैंधव आणि समुद्री मीठ चालतं का?
२. एका यादीत अंडं पूर्ण वर्ज्य, दुसरीत पांढरा बलक चालेल म्हणतात.
३. राजमा एकीत "नको"मध्ये, दुसरीत "हवा तेवढा".
४. बटाटा चालतो, पण साल नको. असं का?
५. सोयाबीन नको, पण सोयाबीनचं तेल चालेल. हे कसं?
६. पाकिटावर सोडियम, साखर सगळं छापलेलं असतं, आयोडीनचा आकडा नसतो. मग ओळखायचं कसं?
७. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि खोकल्याचं औषध चालू आहे. त्यांचं काय?

"डॉक्टरांना विचारा" हे कळतं, विचारणारही आहे. पण रोज चार वेळा ताटात काय वाढायचं ते मलाच ठरवायचंय, म्हणून कारणासकट उत्तर हवंय.

---

लेबलवाचक

आधी आकडा डोक्यात पक्का करा. दिवसभराचं मिळून ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं. एरवी प्रौढ माणसाला दिवसाला १५० लागतात, म्हणजे हे शून्य आयोडीन नाही, तिसऱ्या हिश्श्यावर आणणं आहे. त्यामुळे "हा पदार्थ चालतो का" या प्रश्नाला पुष्कळदा "किती?" हेच उत्तर असतं.

हे कशासाठी, तेही थोडक्यात. थायरॉइडच्या उरलेल्या पेशी आयोडीन ओढून घेतात, आणि साधं आयोडीन व किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक त्यांना कळत नाही. आधीचे दिवस त्यांना उपाशी ठेवलं की डोस आल्यावर त्या तो हावरटासारखा घेतात. पोट आधीच भरलेलं असेल तर औषध दारातून परत जातं.

आता आयोडीन ताटात शिरतं कुठून ते बघा. दारं मोजकी आहेत: समुद्र, दूध, अंड्याचा पिवळा बलक, आयोडीनयुक्त मीठ आणि कारखान्यात घातलेल्या काही गोष्टी. जमिनीवर उगवणारं ताजं धान्य, भाजी आणि फळ यांत ते साधारणपणे नगण्य असतं. भात, केळं, मटार, ब्रोकोली यांच्या एका वाढपात शून्य ते एक मायक्रोग्रॅम. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक पदार्थाला विचारा: हा यातल्या कुठल्या दारातून आलाय का?

दूध लोकांना चकवतं. गायीच्या खाद्यात आयोडीन घालतात, शिवाय धार काढताना सड आयोडीनच्या द्रावणाने निर्जंतुक करतात, त्यातलंही थोडं दुधात उतरतं. कपभर दुधात ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास सापडतं. एका कपात दिवसाचा कोटा संपून वर उरलं! दही, चीज, पनीर, आइस्क्रीम, दुधाची पावडर सगळं त्याच रांगेत. व्हे प्रोटीनची पावडर तर विशेष टाळा, कारण दुधातलं आयोडीन बहुतेक पाण्याच्या भागातच राहतं आणि व्हे म्हणजे तोच भाग.

अंड्याचं दुसऱ्या यादीत लिहिलंय ते बरोबर. एका मोठ्या अंड्यात २५ ते ३० मायक्रोग्रॅम, आणि ते जवळजवळ सगळं पिवळ्यात. पांढरं बिनधास्त. पण वेगळं करताना पिवळा फुटून मिसळला तर ते अंडं घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

समुद्री मासे, कोळंबी, शिंपले बंद. समुद्री शेवाळ तर कुठल्याच रूपात नको. सुशीला गुंडाळतात ते नोरी त्यातल्या त्यात सौम्य, तरी ५ ग्रॅममध्ये शंभरावर जातं. केल्पच्या काही जातींत एका ग्रॅममध्येच हजारो मायक्रोग्रॅम असतात. अगार, कॅराजिनन आणि अल्जिनेट ही त्याच शेवाळाची मुलं, जेली, पुडिंग आणि बदामाच्या तयार दुधात लपून बसतात. बदामाचं दूध एरवी चालतं, पण खोक्यावर कॅराजिनन नाही हे बघून घ्या. नाहीतर घरीच करा.

मांस ताजं असेल तर दिवसाला दीडशे ग्रॅमपर्यंत चालतं. गोठवलेली कोंबडी घेताना पाकिटावर मिठाचं पाणी किंवा ब्रॉथ टोचल्याचा उल्लेख आहे का बघा. तो असेल तर तिथेच ठेवा.

---

मापटं

मिठाचं आणि लेबलाचं मी घेतो.

मीठ बंद करायचं नाही, बदलायचं. आहाराचं नाव लो-आयोडीन आहे, लो-सॉल्ट नव्हे. अनेक देशांत किलोभर मिठात २० ते ४० मिलिग्रॅम आयोडीन घालतात, म्हणजे एका ग्रॅमला २० ते ४० मायक्रोग्रॅम. सपाट पाव चमचा मीठ सुमारे दीड ग्रॅम भरतं. तेवढ्यानेच ३० ते ६० होतात. मात्र ज्या पाकिटावर आयोडीन न घातल्याचं स्पष्ट छापलंय ते मीठ नेहमीइतकं वापरता येतं.

समुद्री मीठ "नैसर्गिक" म्हणून सुटत नाही. त्यात मुळातलं आयोडीन थोडंच असतं, पण ते किती हे ठरलेलं नसतं आणि वरून घातलेलंही असू शकतं, म्हणून बहुतेक याद्या त्याला सरसकट नाही म्हणतात. सैंधवाचा रंग बघून फसू नका, गुलाबी मीठही आयोडीन घालून विकलं जातं. पाकीट बोलत नसेल तर घेऊ नका.

मुद्दा ६. आयोडीन छापलेलं नसतं, पण सोडियम असतं. त्यावरून वाईटात वाईट हिशेब काढता येतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. ते मीठ आयोडीनयुक्त आहे असंच धरा, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. उदाहरणार्थ, खारवलेल्या बिस्किटांच्या वाढपात २०० मिलिग्रॅम सोडियम आहे. अर्धा ग्रॅम मीठ, २० मायक्रोग्रॅम. दोन वाढपं खाल्ली की ४०, म्हणजे दिवस जवळजवळ खर्ची. उलट बिनमिठाच्या शेंगदाण्याच्या बटरवर ५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर आयोडीन अर्धाच मायक्रोग्रॅम. खुशाल घ्या.

या हिशेबाला दोन भोकं आहेत. एक, सोडियम खाण्याच्या सोड्यातूनही येतं आणि सोड्यात आयोडीन नसतं, तेव्हा आकडा उगाच फुगतो. ती चूक परवडते. दुसरं भोक मात्र धोक्याचं: दूध, शेवाळ, रंग आणि पावाच्या पिठात घालतात ते आयोडेट यांतलं आयोडीन सोडियमच्या आकड्यात दिसतच नाही. म्हणून सोडियम बघण्याआधी घटकांची ओळ वाचा. दूध, व्हे, केसिनेट, अंड्याचा पिवळा बलक, कॅराजिनन, अल्जिनेट, पोटॅशियम आयोडेट, कॅल्शियम आयोडेट, एरिथ्रोसिन, यातला एकही शब्द दिसला की पाकीट जागेवर.

एरिथ्रोसिन म्हणजे ई१२७ किंवा रेड ३. चेरीसारखा गुलाबी-लाल रंग. त्याच्या रेणूतच आयोडीनचे चार अणू असतात, वजनाच्या निम्म्याहून जास्त आयोडीन. शरीरात ते फारसं शोषलं जात नाही, तरी या दोन आठवड्यांत नकोच. अमेरिकेने खाद्यपदार्थांतून तो काढायचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं, पण मुदत २०२७ पर्यंत दिलेली असल्याने पाकिटांवर तो अजून सापडतो. ई१२९, म्हणजे अल्युरा रेड, दिसायला जवळचा पण त्यात आयोडीन नाही. लाल रंग बघून घाबरू नका, नाव वाचा.

---

झटपट

एवढा हिशेब कशाला? आयोडीन उडून जातं. मीठ आधीच घालून भाजी खूप उकळायची, संपलं. किंवा दोन आठवडे मीठच बंद. कुणी मरत नाही.

---

सावकाश

@झटपट, दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा धोकादायक.

शिजवताना थोडं आयोडीन कमी होतं हे खरं. किती, ते मिठात आयोडाइड आहे की आयोडेट, भांडं झाकलंय की उघडं, किती वेळ उकळलं, यावर अवलंबून. ते मोजता येत नाही, म्हणून हिशेबातही धरता येत नाही.

आणि मीठच बंद करण्याबद्दल. डोसच्या तयारीसाठी काहींची थायरॉइडची गोळी काही आठवडे थांबवतात. थायरॉइडचं संप्रेरक फार कमी झालं की मूत्रपिंडाला जास्तीचं पाणी बाहेर टाकणं जड जातं. त्यात मीठ बंद, त्यात "भरपूर पाणी प्या", आणि माणूस वयस्कर, रक्तदाबासाठी थायझाइडची (लघवी वाढवणारी) गोळी चालू! रक्तातलं सोडियम घसरायला आणखी काही लागत नाही. लो-आयोडीन आहारात असे गंभीर प्रसंग झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, पाय लटपटणं असं दिसलं तर "गोळी बंद आहे म्हणून थकवा" असं समजून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारासाठी मीठ वेगळं कमी केलेलं असेल तर ते बंधन अर्थात कायम राहतं.

---

आंबटचिंच

मुद्दे ३, ४, ५. याद्या इथेच भांडतात, कारण त्या वेगवेगळ्या हेतूने केलेल्या असतात. काही याद्या मोजलेल्या आकड्यांवर आहेत, काही "शंका आली की काढून टाका" या तत्त्वावर.

राजमा आणि काही शेंगवर्गी दाणे अमेरिकेतल्या एका जुन्या यादीत टाळायला सांगितले आहेत, तिथून ते पुढच्या कितीतरी याद्यांत उतरले. बाकीच्या याद्या कडधान्यांना परवानगी देतात. माझं मत विचाराल तर सुकी कडधान्यं भिजवून, पाणी टाकून, घरच्या बिनआयोडीन मिठात शिजवली तर काळजीचं कारण दिसत नाही. पण डब्यातला राजमा नको, तो मिठाच्या पाण्यात बुडालेला असतो. आणि तुमच्या रुग्णालयाची स्वतःची यादी राजमा नको म्हणत असेल तर १४ दिवस मसूर किंवा मूग खा. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

बटाटा: याद्या साल काढायला सांगतात. सोलायला एक मिनिट लागतं, सोलून टाका. खरी भानगड दुसरीकडे आहे. गोठवलेले तळणाचे तुकडे आणि पाकिटातला बटाट्याचा चुरा यांत मीठ आणि दुधाची पावडर असते.

सोया: सोयाबीनमध्ये आयोडीन फार नसतं, पण सोयातले काही घटक थायरॉइडच्या आयोडीन वापरण्यात ढवळाढवळ करतात अशी शंका प्रयोगांतून पुढे आली, म्हणून सावधगिरी. तेल काढताना हे घटक चोथ्यात राहतात, तेलात फक्त स्निग्धांश. म्हणून तेल चालतं, टोफू, सोया दूध आणि सोया सॉस चालत नाही. सॉसमध्ये मीठ आहेच, ते वेगळं.

गोड्या पाण्यातल्या माशांबद्दलही हाच गोंधळ दिसेल. त्यांत आयोडीन कमी असतं, काही याद्या सूट देतात. पण तळ्यात पाळलेल्या माशांच्या खाद्यात समुद्री माशांची भुकटी असू शकते. दोन आठवड्यांपुरतं सोडून द्या.

---

कोरा चहा

बरंच उलगडलं. आता मुद्दा ७ राहिला. आणि एक नवीन: मध्येच कधी चूक झाली, म्हणजे नकळत दुधाचं काही खाल्लं गेलं, तर १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का? आणि पाव घरी करायचा तर प्रमाण काय?

---

सावकाश

चुकीबद्दल: खाण्यातलं बहुतेक आयोडीन दोनेक दिवसांत लघवीतून बाहेर पडतं. चौथ्या दिवशी दुधाचा चहा पोटात गेला तर तो चौदाव्या दिवसापर्यंत टिकून राहत नाही. पुन्हा मोजायला लागायची गरज नाही, पुढे नीट चालू ठेवा. डोसच्या आदल्या दिवशी तेच झालं तर मात्र फोन करून सांगा, लपवू नका. काही ठिकाणी लघवीतलं आयोडीन मोजून खात्री करतात.

दुधाच्या कपापेक्षा कितीतरी मोठ्या चुका ताटाबाहेरच्या असतात. सीटी स्कॅनला शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास आयोडीन असू शकतं. ग्रॅम! तिथे ५० मायक्रोग्रॅमची काटकसर करून काही उपयोग नाही. असा स्कॅन गेल्या दोन-तीन महिन्यांत झाला असेल तर डोस ठरवणाऱ्यांना तारीख सांगा, ते साधारण एक ते दोन महिने थांबतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या अमिओडॅरोनचंही तसंच. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन, आणि औषध शरीरात महिनोन्‌महिने राहतं. ते स्वतःच्या मनाने बंद मात्र करायचं नाही. पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या, जखमेवरचं तांबूस औषध, आयोडीनच्या गोळीने शुद्ध केलेलं पाणी हेही टाळा.

थायरॉइडच्या गोळीची गंमत अशी की लेव्होथायरॉक्सिनच्या वजनात ६५ टक्के आयोडीनच असतं. १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत ६५. म्हणून कुणी "मर्यादा तर इथेच मोडली" म्हणून गोळी बंद करू बघतात. तसं करू नका. ५० ची मर्यादा आहारासाठी आहे. गोळी थांबवून टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढवायचं, की गोळी चालू ठेवून टीएसएचचं इंजेक्शन द्यायचं, हे उपचाराच्या आखणीत आधीच ठरलेलं असतं.

कॅल्शियमवर विशेष लक्ष द्या. शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथींना (थायरॉइडलगतच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) धक्का लागला असेल तर कॅल्शियम बंद केल्यावर बोटांना मुंग्या, हातपाय आखडणं सुरू होतं. दूध बंद झाल्यामुळे अन्नातलंही कॅल्शियम कमी झालेलं असतं. म्हणून गोळी बंद नको, पण ती समुद्री शिंपल्यांपासून केलेली आहे का ते बाटलीवर वाचा. असेल तर दुसऱ्या प्रकारची लिहून घ्या. कॅल्शियम आणि लेव्होथायरॉक्सिन यांत नेहमीचं चार तासांचं अंतर ठेवा.

मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुधा १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं, ते दोन आठवडे बाजूला. खोकल्याचं लाल-गुलाबी औषध आणि रंगीत कॅप्सूल यांसाठी औषधवाल्याला एकच प्रश्न: यात एरिथ्रोसिन आहे का?

---

मापटं

पाव. ५०० ग्रॅम मैदा किंवा कणीक, ७ ग्रॅम सुकं यीस्ट, ३०० ते ३२५ मिलिलिटर कोमट पाणी, ९ ग्रॅम बिनआयोडीन मीठ, २ चमचे तेल, चमचाभर साखर. १० मिनिटं मळा, दुप्पट फुगेपर्यंत ठेवा, आकार द्या, पुन्हा पाऊण तास ठेवा, २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा. यीस्टमध्ये आयोडीनचा प्रश्न नाही. मैद्याच्या पाकिटावर "आयोडेट" नाही ना एवढं बघा.

मीठ गाळू नका. मीठ यीस्टला आवरून धरतं. बिनमिठाचं पीठ भराभर फुगतं, ओव्हनमध्ये बसतं आणि पाव चिकट, भुरभुरीत होतो. वरून चकाकीसाठी दूध किंवा अंडं फासायची सवय असेल तर हात आवरा, तेल लावा.

विकतचा पाव का टाळायचा, तर काही कारखाने पिठाला बळकटी यावी म्हणून आयोडेट घालतात. त्या पावाच्या दोन कापांत ३०० मायक्रोग्रॅमच्या घरात आयोडीन सापडलंय. न घातलेल्या पावात एक-दोन. दिसायला दोन्ही सारखे.

एक स्वयंपाकघरातली गोष्ट. बिनआयोडीन मिठाला वेगळी बरणी, वेगळा चमचा, आणि झाकणावर मोठी चिठ्ठी. घरातले बाकीचे लोक सवयीने जुन्या बरणीतलं मीठ भाजीत टाकतात, आणि ते भाजीकडे बघून कळत नाही. तयार मसाल्याची पाकिटं आणि सूपच्या वड्या यांतही मीठ असतं. सुटे मसाले, मिरी, लसूण, व्हिनेगर, मध, साखर, जॅम, कोरी कॉफी, कोरा चहा यांना बंदी नाही. (प्रश्नकर्त्याचं नावच यादीत बसतं!)

---

कोरा चहा

बरणीची चिठ्ठी आत्ताच चिकटवली. शेवटचं: लोणी? आणि डोस घेतल्यावर त्याच संध्याकाळी नेहमीचं जेवण सुरू करायचं का?

---

लेबलवाचक

लोण्यात आयोडीन कमीच, कारण ते स्निग्धांशात फारसं जात नाही. पण विकतचं लोणी बहुधा खारवलेलं असतं, आणि याद्या दुधाचं सगळं एकत्र काढतात. तेलावर निभतं, मग कशाला.

डोसच्या संध्याकाळी लगेच नाही. दिलेलं आयोडीन पेशींत शिरायला वेळ लागतो, तेव्हा साधारण एक ते दोन दिवस हाच आहार पुढे चालवतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. नेमकी तारीख डोसच्या दिवशीच विचारून त्याच चिठ्ठीवर लिहा, म्हणजे बरणी कधी हलवायची तेही घरात सगळ्यांना कळेल.